गाळपेराच्या काठावर

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच दिवशी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. हा दिवस आला की महाराष्ट्रात ठाण्याची खाडी, लोणारचे सरोवर आणि नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर या रामसर स्थळांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण देशावर थंडीचे पक्षी उतरतात ते बहुतांशी वेगळ्याच पाण्यावर. ते पाणी धरणांचे, पाझर तलावांचे, दुष्काळी कामांवर बांधलेल्या जुन्या तलावांचे असते. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. सिंचन, वीज, पिण्याचे पाणी, विस्थापन, जिल्ह्या-जिल्ह्यांतली पाण्याची भांडणे या अंगांनी आपण त्यांच्याविषयी भरपूर बोलतो. त्यांच्या काठाविषयी जवळजवळ कधीच बोलत नाही.

हा काठ पाहायचा तर साताऱ्याच्या खटाव-माण भागात जावे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या या दोन तालुक्यांत तो जेमतेम पाचशेच्या आसपास. उंचावरचे पठार, कुसळांचे माळ, उघड्या टेकड्या आणि त्यांच्या मधल्या सखल भागात शाळूची काळी राने. या कोरड्या मुलखात येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडी, म्हसवडजवळचा राजेवाडी अशी पाण्याची ठिकाणे विखुरलेली आहेत. त्यातल्या राजेवाडीच्या तलावाचे काम निघाले ते १८७६-७७ च्या दुष्काळात, उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून. पुढे १९७२ आले. सुकडी खाऊन माती वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी राज्यभर पाझर तलावांचे बांध उभे केले. आज हिवाळ्यात ज्या पाण्यावर हजार कोसांवरून पक्षी येऊन उतरतात, त्यातले कितीतरी पाणी असे भुकेने अडवलेले आहे. दुर्बीण डोळ्याला लावताना याचा विसर पडू नये असे आम्हांला मनापासून वाटते.

गेल्या महिन्यात एक दिवस आम्ही येरळवाडीच्या फुगवट्याकडे काढला. गर्दी नव्हती, गाड्या नव्हत्या. पहाटे हुडहुडी भरेल अशी थंडी, पाण्यावर धुक्याचा पातळ थर, आणि त्या थराआडून येणारे आवाज. आधी चक्रवाकांचा तो नाकातून काढल्यासारखा, लांबवर पोचणारा स्वर. मग टिटवीचा ओरडा. मग अगदी डोक्यावरून गेलेल्या बदकांच्या पंखांची शीळ. दिसत काहीच नव्हते. सूर्य टेकडीच्या वर आला तसे धुके काठाकडून विरत गेले आणि ज्याला आपण रिकामे पाणी समजत होतो ते भरलेले निघाले. मध्यभागी कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकऱ्यांचा काळा पुंजका, त्याच्या अलीकडे सरग आणि धनवर, उथळ पाण्यात लालगुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे, आणि थेट चिखलाच्या कडेला एवढ्या-एवढ्याशा तुतवारांची धावपळ.

जवळून पाहण्यासारखे होते ते थापट्यांचे चरणे. फावड्यासारखी रुंद चोच असलेली ही बदके एकेकटी चरताना फारशी लक्ष वेधत नाहीत. पण त्या सकाळी त्यांचा एक थवा काठापासून हाकेच्या अंतरावर गोल फिरत होता. प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीजवळ पाण्यात बुडालेली, मान लांबवलेली, आणि सगळा घोळका संथपणे एकाच दिशेने फिरणारा. पाय मारून मारून ती तळचे पाणी ढवळतात, त्यातून वर आलेले बारीक जीव पुढच्याच्या मागे येणाऱ्याला मिळतात, आणि चोचीच्या कडांना असलेल्या कंगव्यासारख्या दातऱ्यांतून पाणी गाळून अन्न आत राहते. अर्धा तास हे चालले होते. मग कुठूनसा दलदली भोवत्या पाण्यालगत तरंगत आला. वर्तुळ मोडले, वारकरी पाण्यावरून धावत सुटले, चक्रवाक हाका घालत उठले, सबंध तलाव हवेत गेला. भोवत्याला काही मिळाले नाही. दहा मिनिटांत सगळे पुन्हा खाली उतरले. थापट्यांनी मात्र जागा बदलली.

म्हशी पाण्यावर आणलेले एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे पाहत उभे होते. ‘आबा, ही बदकं कधीपासून आलीत?’ असे विचारल्यावर म्हणाले, ‘दिवाळीला येत्यात, शिमग्यापातूर ऱ्हात्यात. पाणी खाली गेलं की लई येत्यात.’ पक्षिशास्त्राच्या पुस्तकात पान-दोन पाने लागतील एवढा मजकूर या दोन वाक्यांत आहे.

कारण पाणी खाली जाणे हीच यातली मुख्य गोष्ट आहे. सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावरची धरणे पाहा. कोयनेचा शिवसागर, मुळशी, भंडारदरा. पाणी अफाट, परिसर देखणा, पण काठ सरळ डोंगरात घुसलेला. दोन पावले टाकली की पाणी माणसाच्या डोक्यावरून जाते. तिथे पाणकावळे दिसतात, नदी सुरय दिसतात, एखादी मासे मारणारी घार घिरट्या घालते. बदकांचे थवे सहसा दिसत नाहीत. बदकाला तळ गाठता आला पाहिजे. सरग आणि थापट्या बुड्या मारणारे नव्हेत. शेपूट वर करून मान जेवढी खाली पोचेल तेवढेच त्यांचे शेत. शेकाट्याचे शेत त्याच्या पायांच्या उंचीइतके. तुतवाराला तर चोच बुडेल एवढा ओला चिखल पुरतो. पठारावरच्या तलावांचा काठ पसरट असतो. तिथे पाण्याची पातळी हातभर उतरली की कित्येक एकर चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, अळ्या, शिंपले, वनस्पतींचे कंद आणि बिया. रब्बीचे आवर्तन सुटले, कालव्याला पाणी गेले, की तलाव मागे सरतो आणि पक्ष्यांसाठी रोज नवे ताट वाढले जाते. आमच्या शेतकऱ्याच्या गव्हा-हरभऱ्याचे वेळापत्रक आणि सैबेरिया-मंगोलियाकडून आलेल्या पाहुण्यांचे वेळापत्रक असे जुळून आले आहे. ते कुणी ठरवून जुळवलेले नाही. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात न येता मोडूही शकते.

पाणी उतरते तसा माणूसही पुढे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा, गहू, कलिंगड घेतले जाते, हे गाळपेर. कायद्याने ही जमीन सरकारच्या ताब्यातली. ती हंगामापुरती कसायला दिली जाते, आणि ज्यांच्या जमिनी धरणात बुडाल्या त्यांना त्यात प्राधान्य असते. ते रास्तच आहे. बापजाद्यांची जमीन पाण्याखाली गेलेल्या कुटुंबाला वर्षातले चार महिने त्याच मातीत पेरता येते, तर त्यावर पक्षिप्रेमाच्या नावाने कुणी हरकत घेऊ नये. पण गाळपेर सरसकट पाण्याच्या ओळीपर्यंत गेले, चिखल निथळायच्या आत ट्रॅक्टर फिरला, की चिखल्या पक्ष्यांची सगळी जागा जाते. काठाचा थोडा भाग, निदान फुगवट्याच्या शेपटाकडचा अगदी उथळ भाग, जानेवारी संपेपर्यंत मोकळा ठेवला तरी पुष्कळ साधते. यासाठी कुणाचे पोट मारावे लागत नाही.

उलट, पक्ष्यांचा भार शेतकरी सोसतो हे शहरातल्या लोकांना ठाऊक नसते. वीर, उजनी, जायकवाडी या धरणांवर दर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, राखी अंग. मंगोलिया, तिबेट, लडाखच्या उंच सरोवरांकाठी त्यांची पिल्ले होतात आणि हिमालय ओलांडून ते दख्खनवर येतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे पाठीवर बसवून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद झालेली आहे. दिवसभर ते काठावर बसून राहतात आणि अंधार पडला की कोवळ्या पिकात चरायला उतरतात. सकाळी शेतावर गेलेल्या माणसाला हरभऱ्याचे खुडलेले शेंडे दिसतात. त्याची भरपाई सहसा कुणी मागत नाही, कुणी देत नाही. तो गोफण फिरवतो, हाळी देतो, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. या सोशिकपणाचा आम्हांला फार आदर वाटतो, आणि तो गृहीत धरला जातो याची खंतही वाटते.

खटाव-माणात आता आणखी एक बदल होत आहे. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांचे पाणी या पट्ट्यात पोचू लागले आहे. पिढ्यान्‌पिढ्या टँकरकडे डोळे लावून बसलेल्या, दर उन्हाळ्यात गुरे चारा छावणीला बांधणाऱ्या गावांना नदीचे पाणी मिळते आहे, यापरते समाधान नाही. त्याच वेळी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आटणारा तलाव मधेच भरला, किंवा ऐन थंडीत काठोकाठ राहिला, तर उथळ पाणी उरत नाही. या भागात कधी कधी रोहित पक्षी उतरतात. मायणीची ओळख एके काळी त्यांच्यामुळेच होती. रोहिताला चिखलावर पाय रोवून, डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवायची असते. कोरडा तलाव त्याच्या कामाचा नाही आणि तुडुंब भरलेलाही नाही. मायणीसह परिसरातले तलाव वन विभागाने पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले आहेत. ते चांगले झाले. पण पाणी कधी सोडायचे आणि कधी भरायचे हे वन विभाग ठरवत नाही. ते जलसंपदा विभाग ठरवतो, आणि त्याच्या टिपणीत आजवर पक्षी हा शब्द यायचे कारण पडलेले नाही.

इथे कायद्याकडे वळावे लागते. रामसर कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद केला नाही. कायमचे पाणी आणि हंगामी पाणी असाही केला नाही. आपल्या केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत जलाशय आणि तलाव यांचा उल्लेख होता. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे, तसेच सिंचनासाठी बांधलेल्या रचना व्याख्येतूनच वगळल्या गेल्या. राजस्थानात किंवा ईशान्येकडे या वगळण्याचा परिणाम काय होईल ते तिथल्यांनी सांगावे. महाराष्ट्राच्या पठारावर त्याचा अर्थ असा, की इथले थंडीचे पक्षी जिथे उतरतात त्यातले बहुतेक पाणी या नियमांच्या लेखी पाणथळ जागाच नाही. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे, सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे झालेले पाणी. ते वाचले, कारण त्याला १९८६ पासून अभयारण्याचा आधार होता, आणि मग २०२० मध्ये ते रामसरच्या यादीत गेले. म्हणजे बंधाऱ्यामागे गाळाने उथळ झालेले पाणी जागतिक मोलाचे ठरू शकते, हे आपल्या घरातच सिद्ध झालेले आहे. गाळ साठणे ही पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हानी; तिथे तीच हजारो पक्ष्यांची जागा झाली. ज्या तलावांना असे अभयारण्याचे कवच नाही, त्यांचे काय, हा प्रश्न आम्ही विचारत आहोत.

कवच असले तरी पुरते असेही नाही. पैठणच्या नाथसागरावर पक्षी अभयारण्य आहे. त्याच पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला, मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाने त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. सौरऊर्जा हवी आहे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पॅनेल खोल पाण्यावर बसवली आणि उथळ काठ सोडला तर दोन्ही गोष्टी कदाचित नांदतील. पण काठाचे मोल कुठल्याही कागदावर नसेल, तर तो सोडायचा आग्रह कोण कशाच्या आधारावर धरणार? उजनीच्या फुगवट्यात तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येऊन पडते. जलपर्णीचे हिरवे पांघरूण वाढते, पाण्याला वास येतो, जाळ्यात चिलापीखेरीज दुसरी मासळी कमी लागते अशी भोयांची जुनी तक्रार आहे. भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्यांनी त्या पाण्याचाही रंग पाहावा. आणि होडीवाल्याला थवा उडवायला सांगू नये. प्रत्येक उडवणुकीत पक्ष्याने दिवसभर साठवलेली ताकद खर्च होते, आणि ती त्याला परतीच्या वाटेसाठी लागणार असते. होडी चालवणारी बहुतेक मुले हे जाणतात. आग्रह गिऱ्हाइकांचा असतो.

मग करायचे काय? यासाठी मोठी योजना लागेल असे आम्हांला वाटत नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात साधी माणसे, शिक्षक, विद्यार्थी, पेन्शनर, पदरमोड करून तलावांवर जातात आणि मोजदाद करतात. दुसरीकडे जलसंपदा विभाग प्रत्येक धरणाची पातळी रोजच्या रोज नोंदवतो. एका वहीत पक्षी आहेत, दुसऱ्या वहीत पाणी आहे. या दोन वह्या समोरासमोर ठेवल्या तर कोणत्या तलावावर कोणत्या पातळीला किती पक्षी येतात हे काही वर्षांतच स्पष्ट होईल. रामसरच्या निकषांप्रमाणे जिथे नियमितपणे २० हजार पाणपक्षी येतात, किंवा एखाद्या पाणपक्ष्याच्या एकूण संख्येतला १ टक्का येतो, ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची. आपल्या धरणांपैकी कोणती या निकषाला उतरतात, हे सांगायलाही हाच ताळेबंद लागेल.

महाराष्ट्रात या कामासाठी माणसे नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ नोव्हेंबरला डॉ. सालिम अलींची, या दोन तारखांमधले दिवस राज्य सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळते. चितमपल्ली गेल्या जूनमध्ये, २०२५ साली गेले. वन खात्यातल्या नोकरीत नवेगावबांधच्या पाण्याकाठी काढलेल्या दिवसांनी त्यांना लेखक केले, आणि त्यांच्या ‘पक्षिकोशा’ने मराठी वाचकाच्या हाती पक्ष्यांची मराठी नावे एकत्र ठेवली. त्यांच्या पश्चात आलेला हा पहिला हिवाळा. त्यांना आदरांजली म्हणून सभा झाल्या, लेख आले. आमच्या मते त्यांच्या नावाने एखाद्या तलावाचा काठ राखला जावा.

उन्हाळी आवर्तनासाठी कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका येत्या काही आठवड्यांत होतील. पालकमंत्री असतील, आमदार असतील, कार्यकारी अभियंता शिल्लक साठा वाचून दाखवतील, टेलच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी निघतील. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग पिकांचा. त्यात बदल करा असे आम्ही म्हणत नाही. फक्त त्या बैठकीला वन विभागाचा एक अधिकारी बोलवावा, जानेवारीच्या गणनेचे आकडे विषयपत्रिकेला जोडावेत, आणि उपसा योजनेचे पाणी एखाद्या उथळ तलावात मार्चआधी सोडायचे की नंतर, यावर निदान पाच मिनिटे चर्चा व्हावी. गाळपेराचे वाटप करताना शेपटाकडचा पट्टा कुठे मोकळा ठेवता येईल ते तलाठी आणि शाखा अभियंत्याने गावकऱ्यांना सोबत घेऊन काठावर उभे राहून ठरवावे. सुरुवात येरळवाडी किंवा मायणीपासून करता येईल. तिथले तलाव आधीच राखीव आहेत, गणना करणारी माणसे आहेत, आणि पाणी कधी खाली गेले की पक्षी येतात हे सांगणारे जाणतेही आहेत.